माकणीच्या जीपचा दुसरा गिअर

२४ नोव्हेंबर, सोमवार

ज्या कामातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, त्या कामातला प्रामाणिक माणूस ओळखायचा कसा? मला उत्तर येत नाही. बी.ए.ला तीन वर्षं समाजशास्त्र होतं, पण समाजातला एक सरळ मिस्त्री कसा हुडकावा हे कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं.

आज सकाळी ओढ्याच्या चढावर जीपचा दुसरा गिअर निसटला. जीपमध्ये अकरा पोरी, त्यांची दप्तरं आणि सोबतीला मी. गाडी थांबली, मग मागं सरकायला लागली. भाऊंनी ब्रेकवर अक्षरशः उभं राहून ती धरली. (वडिलांना सगळी वस्ती भाऊ म्हणते, म्हणून मीही.) मग पुढच्या सीटवरच्या श्रियानं गिअरचा दांडा दोन्ही हातांनी दाबून धरला, तेव्हा कुठं चढ पार झाला. तिनं तो लोहाऱ्याच्या कॉलेजपर्यंत सोडला नाही. बारावी सायन्सची पोरगी. पहिल्या तासाला पेन धरवत नव्हतं म्हणाली.

संध्याकाळी तिचे वडील आले. उंबऱ्याशी उभं राहूनच बोलले, "भाऊ, गाडी नीट होईस्तोवर पोरगी घरी राहील. अभ्यास काय, घरीबी व्हतोय." घरी काय होतं ते मला माहीत आहे. घरी भाकऱ्या होतात. त्यांच्या मागोमाग आणखी दोघांचे निरोप आले. वस्तीत एसटी येत नाही, फाटा चार किलोमीटरवर आहे. ही जीप नसेल तर या पोरींना कॉलेज नाही, आणि पाच जानेवारीला पूर्वपरीक्षा आहे.

मी म्हणाले, मिस्त्री मी शोधते. मला वाटलं भाऊ वाद घालतील. सतरा वर्षं ही जीप त्यांच्या हातात आहे. पण ते लगेच म्हणाले, "शोध बाई. तू शिकलेली हायस."

२५ नोव्हेंबर

वहीच्या शेवटच्या पानावर तीन कसोट्या लिहिल्या. छापील पावती देतो का. गॅरेज स्वच्छ आहे का. बोलणं सभ्य आहे का. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. भावनेला वाव नाही.

डेअरीसमोर दूध घालायला आलेल्यांना विचारलं. प्रत्येकाकडं एक "लई भारी" मिस्त्री आहे आणि तो प्रत्येकाचा साडू तरी आहे नाहीतर मेहुणा तरी. भारी कशावरून, असं विचारलं की म्हणतात, आपला माणूस हाय. यांच्यात कामाची शिफारस म्हणजे सोयरिकीची ओळख. या लोकांच्या गाड्या चालतात कशा याचंच नवल.

त्यापेक्षा भाऊ बरे. निदान गाडीचा जीव ओळखतात. ओढ्याकडच्या उताराला गाडी न्यूटल करून, म्हणजे गिअर काढून, सोडून देतात, आवाज न करता ती पाखरासारखी खाली जाते. थेंबभर डिझेल लागत नाही. मलाही त्यांनी तसंच शिकवलं. लायसन काढून दोन वर्षं झाली (एजंट न लावता, स्वतः परीक्षा देऊन), पण पोरी बसल्या असताना ते मला गाडी देत नाहीत. म्हणतात, "बाईमानूस चालवतंय म्हनल्यावर लोकं पोरी पाठवायचे न्हाईत."

२७ नोव्हेंबर

कळंबला गेले होते. उत्तरेश्वरमामा धान्याच्या बाजारात अडत करतात. त्यांचा "घरचाच" मिस्त्री बाजाराच्या मागं आहे. त्यानं गाडी पाहिली नाही. आजार ऐकूनही घेतला नाही. तंबाखू मळत म्हणाला, "गिअरबॉक्स फेकून द्या. भंगारातला दुसरा टाकतो."

"कुठल्या गाडीचा?"

"गाडीचं काय करायचंय? गिअर पडल्याशी मतलब."

मी पावतीचं विचारलं. तो आणि मामा दोघं एकमेकांकडं बघून हसले. मामा म्हणाले, "हर्षे, अगं आपल्याला का कोर्टात जायचंय?" मग मला उसाचा रस पाजला, जणू मी रुसलेलं लेकरू आहे. परतीच्या एसटीत वही काढून दोन गुण लिहिले. ते रसाचे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नळदुर्ग. इथला अनुभव सविस्तर लिहिते, कारण असा उद्धटपणा नोंदलाच पाहिजे.

हायवेवरच्या ढाब्यांच्या मागं पत्र्याचं शेड. नाव नाही, पाटी नाही. एका ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले. तो सोमलिंग मिस्त्री, नाव ढाब्यावर कळलं. मी नमस्कार केला तो पायांनाच केला म्हणायचा. सगळी तक्रार सांगितली. चढावर निसटतो, भरल्या गाडीत जास्त निसटतो, खाली उतरताना खरखर येते. ट्रकखालून एकच प्रश्न आला.

"गाडी कोन चालवतं?"

झालं! बाईनं गाडीबद्दल तोंड उघडलं की यांना पहिलं हेच सुचतं. मी ताडकन म्हणाले, "मी नाही चालवत. आजार गाडीचा आहे, ड्रायव्हरचा नाही."

"व्हय, पन चालवतं कोन?"

"माझे वडील. कोंडीराम. माकणीजवळची वस्ती."

तेव्हा ते बाहेर आले. साठीचे असतील. हात पुसत माझ्याकडं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "मला वेळ न्हाय." मी म्हणाले, वेळ कधी असेल? "न्हाईच." जाता जाता मी विचारलं, पावती तरी देता का लोकांना? म्हणाले, "मला लिव्हाया येत न्हाय, पोरी." आणि पुन्हा ट्रकखाली गेले.

शून्य. लिहिता येत नाही याबद्दल गुण कापले नाहीत, कारण आईलाही येत नाही. माणुसकी नाही त्याबद्दल कापले.

भाऊंना सांगितलं तर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "तोंडाळ हाय ते. तिकडं जाऊ नगं." मग जेवताना विचारलं, "आनखी काय म्हनला?" काही नाही म्हटलं. हात धुताना पुन्हा, "माझं काय बोलला का?" तुमचं कशाला बोलेल, म्हटलं. भाऊ फार भिडस्त आहेत. अशा माणसानं आपल्याबद्दल काय म्हटलं याचीसुद्धा त्यांना काळजी.

३ डिसेंबर

सापडला!

उमरग्याच्या अलीकडं, हायवेला लागून, नवीन गॅरेज. पांढरी फरशी. काचेची केबिन, त्यात जाताना चपला बाहेर काढायच्या. मालक उत्कर्ष, तिशीचा, इस्त्रीचा शर्ट. माझं सगळं बोलणं कॉम्प्युटरवर टिपून घेतलं. म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखे शिकलेले कस्टमर आले की काम करायला बरं वाटतं. नाहीतर इथं येणाऱ्या लोकांना समजावता समजावता डोकं दुखतं." मला अगदी पटलं. गाडी कोण चालवतं असला प्रश्न त्यानं चुकूनही विचारला नाही. तीन दिवसांत देतो म्हणाला, लेखी.

साडेनऊ. अर्धा गुण चहा फार गोड होता म्हणून.

भाऊ दाराशी उभे होते. चपला काढाव्या लागतात म्हणून आत आलेच नाहीत. मला जरा लाज वाटली. त्यांची नाही, म्हणजे, परिस्थितीची.

६ डिसेंबर

जीप आली. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडतो. खरखर बंद. बिल सोळा ओळींचं आहे, प्रत्येक सुट्या भागाचं नाव इंग्रजीत, खाली सही आणि शिक्का. मी ते फाईलला लावलं.

श्रियाच्या वडिलांना बिल वाचून दाखवलं. ते मान हलवत राहिले. सोमवारी अकराच्या अकरा पोरी येणार. या प्रसंगातून एक तत्त्व निघतं, ते मी तेव्हा गाडीत पोरींना सांगणार आहे. माणूस नात्यावरून पारखू नये, पद्धतीवरून पारखावा. आपला जिल्हा मागं राहिला तो हेच न कळल्यामुळं.

१४ डिसेंबर, रविवार

शुक्रवारी गिअर पुन्हा निसटला. काल दोनदा. आता खरखर नाही, दळण दळल्यासारखा जाड आवाज आहे. काल तर भाऊंनी पोरींना चढाच्या पायथ्याशी उतरवलं, रिकामी गाडी वर नेली आणि पोरी पायी चढून आल्या. त्या अकरातल्याच प्रतीक्षाची आई शेळ्या घेऊन तिथंच होती. तिनं बघितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीनं बघितल्यासारखं झालं.

उत्कर्षला फोन केला. तो अजिबात चिडला नाही. "मॅडम, काम शंभर टक्के आहे. तुमच्याकडचे रस्ते बघा ना. आपण एकदा फुल सेटिंग करून घेऊ." रस्त्यांचं त्याचं म्हणणं खरं आहे. मी रस्त्यांविषयी एक अर्ज अर्धा लिहिला.

उद्या गाडीत सहा पोरी असतील. प्रतीक्षाच्या घरी पाहुणे येणार म्हणे. कशाला येणार ते कुणी सांगत नाही आणि सगळ्यांना माहीत आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

सकाळी लिहिलेलं: आमचं शेत धरणाच्या पाण्यात गेलं, म्हणून येळवस, म्हणजे वेळा अमावस्येची शेतातली पूजा आणि जेवण, आम्ही नळदुर्गजवळ द्वारकाआत्याच्या शेतात करतो. काल एसटीनं आलो. आज आख्खा जिल्हा शेतात. दुकानं बंद, रस्ते ओस. सगळे कडब्याच्या कोपीपुढं, म्हणजे खोपटापुढं, बसून शेंगा-पाल्याची भज्जी आणि ताकाची आंबील ओरपणार. पूर्वपरीक्षेला सतरा दिवस राहिलेत आणि एकही मिस्त्री जागेवर नाही. सहज म्हणून उत्कर्षला फोन लावला. त्यानं उचलला! "मॅडम, आपलं गॅरेज आज चालू आहे. कधीही या." याला म्हणतात धंद्यावरची निष्ठा. सणाच्या नावाखाली काम टाकून पोट भरत बसणाऱ्यांनी शिकावं.

संध्याकाळी लिहिते आहे. सकाळचं खोडणार नाही. राहू दे तसंच.

दुपारी आत्याची पूजा झाली, आंबील शिंपडून झाली, आणि बांधावरून एक मोटारसायकल आली. मागं सोमलिंग मिस्त्री बसलेले. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा. मी ओळखलंच नाही, त्यांना उभं कधी नीट बघितलं नव्हतं. आत्या पदर सावरत पुढं झाली.

"या सोमलिंगअण्णा! म्हनलं इसरले का काय आमचं शेत."

"इसरतो कुठं द्वारकाबाई. सकाळधरनं सातवं शेत हाय. पोटात जागा न्हाय. बोट बुडवून जातो."

"बोट न्हाय, भाकरी बुडवायची! मागच्या वरसाला बी असंच फसवून गेला."

त्यांना आणणाऱ्याचं नाव कल्याणप्पा. शेजारच्या शेतातला, दोन ट्रॅक्टरवाला. तो म्हणाला, "ताई, अजून चार शेतं वाट बघायलीत. माझ्याकडनं तर पळवून न्यायला आले लोक. यंदा अण्णाचं अर्धं जेवण मोटारसायकलवर झालं." सगळे हसले. मी आत्याला बाजूला घेऊन विचारलं, यांना का एवढं बोलावतात? ते काय तुमचे सोयरे आहेत?

आत्या माझ्याकडं अशी बघत राहिली की जणू मी भज्जीला चमचा मागितला. "सोयरा कशाचा? त्याला जमीन न्हाय, शेत न्हाय. पन ज्याच्या हातानं आपलं चाक फिरतं त्याला येळवशीला शेतात जेवाया बोलवायचं न्हाय, तर कुनाला? अन् ज्यानं फसवलं त्याला कोन कोपीपशी बसवंल?"

मी कल्याणप्पाला उमरग्याच्या त्या गॅरेजबद्दल विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला. तो बोट चाटत म्हणाला, "ते फरशीवालं? ते आज उघडं असंल. त्याला कोन बोलावतंय?"

मी वहीत गुण मांडत फिरले. इथं लोक वर्षातून एकदा मांडतात, बोलून दाखवत नाहीत, आणि माझ्या आत्याला ते माहीत होतं. मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं. ती चौथी शिकलेली. मला वाटलं तिला काय कळतं. हे वाक्य लिहिताना लाज वाटते, म्हणून लिहिते.

भाऊ सोमलिंगअण्णांना बघताच गहू बघायला म्हणून पार पलीकडच्या बांधावर गेले आणि ते जाईपर्यंत आले नाहीत. मी मात्र अण्णांपुढं जाऊन बसले. विचारलं, माझी गाडी तुम्ही का घेत नाही? आजूबाजूला वीसेक माणसं होती. त्यांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं, मग लांब बांधावर उभ्या भाऊंकडं बघितलं, आणि आंबिलीचा मोगा (मडकं) खाली ठेवून म्हणाले, "उद्या गाडी घेऊन ये. एकटी ये."

मोठा गूढ माणूस. चारचौघांत सांगायला काय झालं होतं?

२० डिसेंबर

पहाटेच्या एसटीनं फाट्यावर उतरून पायी वस्तीवर आले आणि जीप घेऊन पुन्हा नळदुर्गला. भाऊंची कंबर धरली आहे म्हणे, ते आत्याकडंच थांबले. दुसरा गिअर गुडघ्यानं दाबून धरत आणला.

अण्णांनी बॉक्स उतरवायच्या आधी खालचा बोल्ट काढून ऑइल घमेल्यात सोडलं. ऑइल आलं नाही, लापशी आली. त्यांनी चिमटीत धरून माझ्या तळहातावर ठेवली. "वळख."

मला वाटलं माती.

"लाकडाचा भुसा. भुसा घातला की आठ दिस आवाज दबतो. बॉक्स उघडलाच न्हाय त्यानं. ह्यो बघ, बोल्टावरचा चिखल तसाच हाय, चार वरसाचा."

सोळा ओळींचं बिल माझ्या पिशवीत होतं. दाखवायला नेलं होतं! त्या बिलावर किती सुंदर अक्षरात खोटं छापलं होतं. शिक्क्यासह. इस्त्रीच्या शर्टातला तो भामटा मला मॅडम म्हणत होता आणि मी त्याला साडेनऊ गुण देत होते. कळंबचा तो भंगारवाला बरा, त्यानं निदान स्वच्छ असण्याचं सोंग केलं नाही.

मी म्हणाले, "अण्णा, त्याला सोडणार नाही मी. ग्राहक मंचात जाते."

"जा की. पन त्यानं गिअर बसंल का?"

मग पाना खाली ठेवून ते बोलले. ते जसं बोलले तसंच लिहिते.

"तुझ्या बापाला म्या दोनदा बॉक्स बांधून दिला. दोनदा सांगितलं, उताराला गाडी न्यूटल करून सोडू नगा, अन् पळत्या गाडीला चढाच्या तोंडाशी दुसरा ठोकू नगा. दाते खातंय ते. कोंडीराम हसला. म्हनला, म्या काय आज गाडी चालवायलो का? दोन्ही बारीला सालभरात गाडी परत. अन् माकणीच्या फाट्यावर लोकं म्हनाय लागले, सोमलिंगच्या हातात आता दम न्हाय. तिसऱ्या बारीला म्या न्हाय म्हनलो. आज बी तेच. गाडी तेच चालवनार असतील तर म्या उघडत न्हाय. झाकून घेऊन जा."

चढाच्या अगोदर तोच उतार आहे. गाडी पाखरासारखी खाली जाते असं मीच लिहून ठेवलंय.

विचारून सांगते, असं म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "मी चालवीन."

"तू?" ते हसले नाहीत. त्यांच्या शेजारची एक चालू जीप होती, तिच्यात मला बसवलं आणि किल्ल्याकडच्या रस्त्याला नेलं. पहिल्याच उताराला माझा हात आपोआप गेला आणि गाडी न्यूटल झाली. अण्णांनी कपाळाला हात लावला. "बापाचीच लेक! फिरव माघारी." चार वेळा तोच उतार उतरवला, गिअरात, इंजिनाच्या दमावर. चौथ्यांदा म्हणाले, "आठ दिसांनी ये." किती दिवस टिकेल, असं मी विचारलं. म्हणाले, "ते तुझ्या हाताला इचार."

२१ डिसेंबर

भाऊंचा आज जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही. त्या उत्कर्षचासुद्धा नाही. तो परका. भाऊंना सगळं ठाऊक होतं. मी कळंब, नळदुर्ग, उमरगा करत एसटीचे धक्के खात होते, शहाणपणाच्या गोष्टी सांगत होते, आणि त्यांना ठाऊक होतं. श्रियाला पेन धरवत नव्हतं तेव्हाही ठाऊक होतं. एक वाक्य बोलता आलं नाही त्यांना. सतरा वर्षांचा तोरा, बाकी काय? पोरी पायी चढ चढल्या तरी चालतील, पण माझी चूक म्हणायचं नाही. असल्या पुरुषांना देव मानून आपल्या घराघरांत ओवाळतात.

आईला सगळं सांगितलं. म्हटलं, मी उद्या सगळ्यांसमोर विचारणार आहे त्यांना. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला ठावं हाय गिअरचं."

"तुला? मग त्यांनी मलाच कसं नाही सांगितलं?"

"आमच्यापुढं त्यांना कधी लाज वाटली न्हाय. तुझ्यापुढं वाटती. कालिजात गेल्यापास्नं."

याचा अर्थ मला नीट लागला नाही. मी त्यांना कधी कमी लेखलेलं नाही.

५ जानेवारी, सोमवार

दोन आठवडे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, पण आधी करायचं होतं.

२८ तारखेला जीप आणली. अण्णांनी कागदाचा कपटाही दिला नाही. मी मागितला नाही. श्रियाच्या आणि इतर सगळ्यांच्या घरी आधीच जाऊन सांगितलं की यापुढं गाडी मी चालवणार. श्रियाचे वडील काही बोलायच्या आत तिची आई आतून म्हणाली, "मंग तर पाठवतेच. बाईमानसाच्या गाडीत मला घोर न्हाय." तीन घरांत थोड्याफार फरकानं हेच ऐकलं. भाऊंचं ते "लोकं पाठवायचे न्हाईत" इतकी वर्षं मी तपासूनसुद्धा पाहिलं नव्हतं. फक्त प्रतीक्षाच्या घरून नकार आला. पाहुणे येऊन गेलेत, पसंती कळवलीय. मी दोनदा गेले. तिसऱ्यांदा दार उघडलं नाही. ती मागच्या अंगणात भांडी घासत होती, मला आवाज येत होता.

भाऊ राहिले होते. त्यांच्याशी काय बोलायचं ते मी वहीत मुद्द्यांसह लिहून काढलं होतं, सहा मुद्दे, सगळे खरे. ते गोठ्यापुढं बसून चपलेचा अंगठा शिवत होते. सुई कातड्यात जात नव्हती, तरी दाबत होते. मी समोर उभी राहिले आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"भाऊ, बॉक्स नवा बांधलाय. अण्णा म्हणाले, नवा बॉक्स सहा महिने एकाच हातानं चालवायचा, हात बदलला की बिघडतो. तर चालवीन म्हणते मी. चावी द्या."

असं अण्णा कधीच म्हणाले नव्हते. खोटं बोलणाऱ्यांचा मला तिटकारा आहे, आणि हे मी डोळ्याला डोळा देऊन बोलले.

भाऊंनी सुई बाजूला ठेवली. म्हणाले, "व्हय, व्हय. नवा बॉक्स एकाच हातावर रुळू द्यावा लागतो. बरोबर बोलला मिस्त्री." मग म्हणाले, "सहा महिनं कशाचं, वरीसभर लागतंय त्याला." आणि बंडीच्या खिशातून चावी काढून दिली.

इतकं सोपं खोटं त्यांना इतक्या लवकर पटलं याचंच मला वाईट वाटलं. सतरा वर्षं गाडी चालवलेला माणूस! पण ते सहा मुद्दे मी फाडून टाकले, आणि आता पुन्हा लिहिणार नाही.

आज पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर होता. सकाळी बाहेर आले तर भाऊंनी जीपच्या काचा पुसून ठेवलेल्या. ते गाडीत बसले नाहीत, मी बसा म्हणाले नाही. दहा पोरी घेऊन निघाले आणि पेपरच्या वीस मिनिटं आधी दहा पोरी लोहाऱ्याला वर्गाच्या दारात सोडल्या.